तीन महिन्यांत गोळी न घेतलेला माणूस

"हात वर करा! गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी अँटिबायोटिकची एकही गोळी पोटात घातलेली नाही, त्यांनीच फक्त हात वर करा! आणि मागे कुजबुज नको!"

आमच्या सोसायटीच्या बागेत, सकाळच्या कोवळ्या उन्हात, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका बाई ओरडत होत्या. बाईंचा आवाज असा, की त्यांनी खराडीत "शांत बसा" म्हटलं तर नदीपलीकडे मुंढव्यातली पोरं दप्तरातून पुस्तकं काढतात. समोर बाकांवर आमचा सगळा कट्टा बसला होता. झाडून सगळे म्हातारे आणि म्हाताऱ्या. मी बाईंच्या शेजारी, उभं राहवत नव्हतं म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत, बोहल्यावरच्या नवरदेवासारखा मान खाली घालून बसलो होतो. कारण ही शोधाशोध माझ्यासाठी होती. माझ्या मोठ्या आतड्यात सोडायला दुसऱ्या एका निरोगी माणसाची विष्ठा हवी होती. ती लवकर मिळाली नाही, तर आजार पुन्हा उलटल्यावर मी वाचेन असं म्हणायला हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या.

हे मी बाईंना खासगीत सांगितलं होतं.

बागेत एकही हात वर होईना. कुणी चपलेकडे पाहत होतं, कुणी कुंपणावरच्या जास्वंदीकडे. मग मागच्या बाकावरून एका आजोबांचा हात वर आला. माझ्या जिवात जीव आला. पण शेजारच्या त्यांच्या मंडळींनी तो मनगटाला धरून खाली ओढला.

"अहो, परवा दाढेसाठी घेतलीत की! डब्यातलीच!"

"ती अँटिबायोटिक होती?"

"नाहीतर काय लिमलेटची गोळी होती?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, नापास मुलाच्या बापाकडे पाहतात तसं. "नाही हो कुणी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

आता हा डबा काय, ते सांगायला हवं.

परदेशी गाड्या देशात आल्या, तेव्हा आकुर्डीच्या आमच्या कारखान्याने आम्हाला शाल-श्रीफळ देऊन वेळेआधीच घरी बसवलं. त्याच वाऱ्याने माझ्या मुलाला कॉम्प्युटरवाला केला आणि उचलून न्यू जर्सीत नेऊन ठेवला. मुलाने खराडीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आम्हा दोघांना त्यात ठेवलं. माझी बायको त्या फ्लॅटमध्ये दोन दिवाळ्या राहिली आणि गेली. मग मी आणि फ्लॅट. खालच्या बागेत उतरलो तर तिथे माझ्यासारख्यांची जत्राच. आमच्या इमारतींत पोरं नव्हती, पोरांचे फोटो होते. टेक्सासचे आई-बाबा, सिडनीचे आई-बाबा, लंडनच्या सासूबाई. अमुक मजल्यावरचे अमुक, असं कुणी म्हणत नसे. मला सगळे 'न्यू जर्सी' म्हणत. मी न्यू जर्सी बापजन्मात पाहिलेलं नाही.

या कट्ट्याचा एक डबा होता. निळा, गोल, पत्र्याचा. कुणाच्या तरी सुनेने परदेशातून बिस्किटं भरून आणलेला. बिस्किटं पहिल्याच सकाळी संपली, पण एवढा चांगला डबा टाकून देईल तो पुणेकर कसला? त्यात औषधं ठेवायला सुरुवात झाली, आणि डबा बाईंच्या ताब्यात गेला. रीत अशी होती: तुम्हाला डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, तर उरलेल्या डब्यात टाकायच्या. बऱ्या माणसाने औषध खाणं म्हणजे उधळपट्टी. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडतील! पोरं सुट्टीला आली की त्यांच्या बॅगांतल्या उरलेल्या गोळ्याही डब्यात. हळूहळू असं झालं, की कट्ट्यावर ज्याचं दुखेल त्याला आधी डबा आणि मग, राहवलंच नाही तर, डॉक्टर. "मला या लाल-काळ्या कॅप्सूलने एका दिवसात गुण आला हो," असं म्हणत समोरच्याच्या तळहातावर गोळी ठेवायची, ही आमची माया करण्याची पद्धत होती. कुणी तिळगूळ देतं, आम्ही गोळ्या द्यायचो. मला तर खरं सांगतो, त्या गोळीपेक्षा तळहाताला लागणारी ती दोन बोटं आवडायची.

त्या हिवाळ्यात समोरच्या दोन प्लॉटांवर नवे टॉवर चढत होते. सिमेंटच्या धुळीने मला खोकला झाला. साधासुधा नाही. मी खोकलो की खाली पार्किंगमधल्या गाड्यांचे भोंगे आपोआप वाजायचे. वाघोलीच्या कॉलेजातली पोरं भूकंप समजून वर्गाबाहेर पळत, असं मी कट्ट्यावर सांगायचो आणि लोक हसायचे. मग डबा उघडायचा. टेक्सासने दोन पांढऱ्या गोळ्या दिल्या. सिडनीने तीन लाल-काळ्या कॅप्सूल दिल्या. लंडनच्या सासूबाईंनी पिवळ्या बाटलीतली खास गोळी दिली, एवढी मोठी, की घोड्याने पाहिली असती तर तबेला सोडून पळाला असता. मी सगळ्यांचा मान राखला. कुणाचं घ्यायचं आणि कुणाचं टाळायचं? खोकला गेला. पुढे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो तसाही जाणारच होता.

खोकला गेला आणि दहाएक दिवसांनी पोट फुटलं.

मी बैठकीच्या खोलीतून संडासात जायचो आणि संडासातून बैठकीच्या खोलीत येण्याआधी परत संडासात जायचो. वाटेत मीच मला भेटायचो. कट्ट्यावर कळलं, तशी पहिली शंका टँकरवर गेली. आमच्या भागात नळाला पाणी कमी आणि टँकरला जास्त; मिनरल वॉटरच्या भावाने पाणी घ्यायचं आणि त्यात गप्पी मासे मोजायचे. लगेच मीटिंग भरली. "आज न्यू जर्सी, उद्या आपण!" अशी भाषणं झाली. टँकरवाल्याला बोलावून घेराव घातला. तो बिचारा म्हणाला, "साहेब, एवढे सगळे लोक हेच पाणी पितात, मग यांनाच कसं झालं?" यावर त्याला आणखी अर्धा तास रागावलं. मी त्या मीटिंगला हुतात्म्यासारखा बसलो होतो, दाराजवळ, पळायला सोपं पडावं म्हणून.

मग डबा उघडला. जुलाब थांबवायची गोळी निघाली. एक घेतली, दुसरी घेतली. नळ बंद झाला, पण टाकी भरतच होती. पोट फुगून नगारा झालं. ताप चढला. मी कट्ट्यावर जाणं बंद केलं. सोफ्यावरून उठवेना. मुलाचा फोन आला की मी मोठ्या आवाजात बोलायचो, "अरे, मजेत! काल सिंहगड चढून आलो!" तोही म्हणायचा, "बाबा, पाणी उकळून प्या." फोन ठेवला की घरात एवढी शांतता व्हायची, की फ्रिज बोलायला लागायचा. मी त्याला गोष्टी सांगायचो. संडासातल्या टाइल्सना तर माझं सगळं आयुष्य तोंडपाठ झालं. माझ्या गोष्टींवर कधीच न हसणारे श्रोते मला तेव्हाच पहिल्यांदा मिळाले.

दाराच्या कडीला टांगलेल्या दुधाच्या पिशव्या साठत गेल्या. त्या बाईंनी पाहिल्या. त्यांनी दारावर अशी थाप मारली, की मी सोफ्यावरून खाली पडलो आणि रांगत जाऊन कडी काढली. तशाच अवतारात त्यांनी मला हॉस्पिटलात नेलं.

पोटाच्या डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाच्या, बारीक चणीच्या. पण नजर अशी, की आतडं बाहेरूनच दिसत असावं. "दिवसातून किती वेळा होते?"

"दोनशे वेळा," मी म्हणालो.

"पंधरा धरूया," त्या म्हणाल्या. "मागच्या महिनाभरात कुठली अँटिबायोटिक घेतली?"

मी रंग सांगितले. पांढरी, लाल-काळी, पिवळ्या बाटलीतली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

तपासणी झाली. पोटात कसल्याशा जंतूचं विष सापडलं. त्याचं नाव असं लांबलचक, की घेता घेता माणूस पुन्हा संडासात जाईल. पण डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते मात्र मला पक्कं कळलं. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जीव सुखाने नांदत असतात. ते अन्न पचवायला हातभार लावतात आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात, दांडग्या जंतूंना पाय ठेवू देत नाहीत. अँटिबायोटिकला आपला आणि परका कळत नाही. खोकल्याचा जंतू असो नसो, ती आतड्यातल्या गरीब रयतेचीही कत्तल करते. मग एखादा जंतू असा असतो, की ज्याच्यावर ती गोळी चालत नाही. तो मोकळं रान पाहतो आणि माजतो.

"म्हणजे खराडी," मी म्हणालो.

"काय?"

"अहो, इथे ज्वारी होती, हरभरा होता, बांधावर बोरी होत्या. जेसीबी आला, सगळं सपाट केलं. काही प्लॉटांवर टॉवर आले. ज्यांच्यावर अजून आले नाहीत, तिथे काय उगवलं? गाजरगवत. कमरेइतकं. दुसरं काही उगवूच देत नाही."

त्या पहिल्यांदा हसल्या. "असंच. आणि त्या गवताचं बी मरता मरत नाही. स्पिरिटने हात पुसून ते जात नाही, साबण-पाण्याने धुवावं लागतं. जुलाब थांबवायची गोळी घेतलीत ती आणखी मोठी चूक. विष आतच कोंडून ठेवलंत."

मग त्यांनी त्या गवतावरची गोळी लिहून दिली. तीही अँटिबायोटिकच. मी म्हणालो, "जेसीबीने केलेल्या नुकसानीवर आणखी एक जेसीबी?"

"हे खुरपं आहे," त्या म्हणाल्या. "आणि हा कोर्स पूर्ण करायचा. डब्यात टाकायचा नाही."

मला वेगळ्या खोलीत ठेवलं. येणारा-जाणारा प्रत्येक जण दाराशी निळा झगा चढवायचा, हातमोजे घालायचा, मगच मला हात लावायचा. नाडी बघायला हातमोजा, उशी सारखी करायला हातमोजा. जाताना साबणाने असे हात धुवायचे, की मी माणूस नसून चुलीवरचं काळं पातेलं आहे. चूक काही नव्हती त्यांची. ते बी दुसऱ्या पेशंटच्या खाटेवर जायला नको. पण त्या खोलीत मला कळलं, की बायको गेल्यापासून मला कुणी उघड्या हाताने स्पर्श केलेला तो एकच, कट्ट्यावरचा, तळहातावर गोळी ठेवतानाचा.

बरा होऊन घरी आलो. दोन आठवड्यांत पुन्हा तेच. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा झगे, यावेळी महागाची गोळी. पुन्हा घरी, पुन्हा तेच. वजन असं उतरलं, की अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीत उभं राहताना मी कठड्याला गमछ्याने बांधून घ्यायचो, वाऱ्याने उडून हडपसरला जाईन म्हणून. कट्ट्यावरचे लोक जेवणाचा डबा दाराशी ठेवायचे, बेल वाजवायचे आणि मी दार उघडेपर्यंत लिफ्टचं दार बंद झालेलं असायचं. त्यांचंही वय झालेलं, भीती खरी होती. मीच बाईंना सांगितलं होतं की आत येऊ नका. तरी लिफ्टच्या दाराची ती फट बंद होताना पाहिली, की डब्यातलं मेतकूट-भात गिळवत नसे.

तिसऱ्यांदा उलटलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "आता खुरप्याने भागणार नाही," त्या म्हणाल्या. "शेतात माती आणि पीक दोन्ही बाहेरून आणून टाकावं लागेल." आणि मग त्यांनी ते सांगितलं. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, मिठाच्या पाण्यात कालवायची, गाळायची आणि दुर्बिणीच्या नळीतून माझ्या आतड्यात सोडायची. त्यातले जीव तिथे पुन्हा वस्ती करतात आणि गवताला हुसकावतात.

मी आयुष्यभर थापा मारत आलो, पण इतकी मोठी थाप माझ्याही डोक्यात कधी आली नव्हती. आणि ती खरी होती.

"देणारा कोण?" मी विचारलं.

"घरातलं कुणी असेल तर उत्तम. तब्येत ठणठणीत हवी. पोटाचा आजार नको. रक्त आणि विष्ठा तपासून घेऊ. आणि मागच्या तीन महिन्यांत एकही अँटिबायोटिक घेतलेली नको. घरात कोण कोण आहे?"

"फ्रिज," मी म्हणालो.

यावेळी त्या हसल्या नाहीत. "लवकर शोधा काका. आणखी एकदा उलटलं तर तुमचं शरीर किती सोसेल, मला सांगता येत नाही."

मुलाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, मी येतो." मग म्हणाला, "पण मी मागच्याच महिन्यात सायनससाठी कोर्स घेतला." मग व्हिसाचं काही तरी म्हणाला, की आता बाहेर पडलो तर परत शिरायला अडचण. मग म्हणाला, "तिथे कुणीच नाही का?" शेवटचं वाक्य त्याने इतकं हळू विचारलं, की मीच त्याची समजूत घातली. "अरे, रांग लागलीय दारात! निवड करायची तेवढी बाकी आहे."

आणि मग बागेतली ती सभा. एकूण एक कट्टा त्या डब्याने नापास केलेला. आम्ही एकमेकांवर इतकी माया केली होती, की कुणाच्याच पोटात दुसऱ्याला देण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाईंनी स्वतःही हात वर केला नाही. लघवीच्या जळजळीला त्यांनी लंडनवाली गोळी घेतली होती.

सभा उठल्यावर त्या म्हणाल्या, "नात्यातलं कुणीच नाही का हो तुमचं पुण्यात?"

"नाही," मी म्हणालो. आणि लिफ्टमधून वर जाताना आठवलं, की आहे.

नदी ओलांडली की मांजरी गाव. तिथे माझा मेहुणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, उरलेल्या थोड्या उसात आणि एका म्हशीत रमलेला. बायको होती तोवर भाऊबीजेला जाणं-येणं होतं. ती ओवाळायची, तो ताटात काही तरी टाकायचा, मी गोष्टी सांगायचो, तो हूं म्हणायचा. दहा हूंमागे एक शब्द, असा त्याचा दर. ती गेल्यावर ओवाळणारंच कुणी नव्हतं. मग जायचं कशाला? त्याने मला बोलावलं नाही, मी त्याला विचारलं नाही. पण एक गोष्ट मला ठाऊक होती. त्या माणसाने जन्मात गोळी खाल्लेली नव्हती. एकदा त्याला विंचू चावला, तर दुसऱ्या दिवशी विंचवालाच ताप आला होता.

रिक्षाने गेलो. पोटाला घट्ट पंचा बांधून, वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपाची मनात नोंद ठेवत. मेहुणा गोठ्यासमोर कडबा तोडत होता. मला पाहून त्याने कोयता ठेवला.

"दाजी? लई वाळलात."

"हूं," मी म्हणालो. त्याचा शब्द मी घेतला, इतका मी घाबरलो होतो.

बाजेवर बसवलं. चहा आला. आता सांगायचं कसं? मी सुरुवात केली न्यू जर्सीच्या थंडीपासून. मग आकुर्डीच्या कारखान्याची एक गोष्ट सांगितली. मग नात्यागोत्याचं महत्त्व, रक्ताची ओढ, माणसाने माणसाला काय द्यावं आणि काय देऊ नये, यावर बोललो. जसजसा मी बोलत गेलो, तसतसा तो आक्रसत गेला. चहाचा कप त्याच्या हातात तसाच थांबला. त्याच्या बायकोने दाराआडून दोनदा डोकावून पाहिलं. शेवटी मी म्हणालो, "तुझ्या बहिणीच्या आठवणीखातर एक मागणं मागतो. नाही म्हणू नकोस."

त्याने कप खाली ठेवला.

"दाजी, आक्कानं हक्कसोडीवर सही केलीया. तिच्या हातानं. तलाठ्याम्होरं."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. आजूबाजूला सगळीकडे बिल्डरांचे पत्रे ठोकलेले. जमिनीला सोन्याचा भाव आलेला. वाळलेला दाजी कित्येक वर्षांनी दारात येतो, मेलेल्या बहिणीचं नाव काढतो. दुसरं काय मागायला येणार?

"अरे, जमीन नको मला!"

"मंग?"

मग मी सांगितलं. एका दमात, डोळे मिटून. गवत, जेसीबी, नळी, सगळं. डोळे उघडले तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. गोठ्यात म्हशीने शेपूट झटकली.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"म्या म्हनलं जमीन मागाया आलाय." त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला. "त्ये तर रोजच जातंय."

दाराआडून त्याची बायको खुदकन हसली. मीही हसलो. आणि पंचा सावरत पळालो, कारण हसणं मला परवडत नव्हतं.

तो हॉस्पिटलात आला तो स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात, जणू लग्नाला निघालाय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मागच्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक?"

"न्हाई. म्हशीला दिलं व्हतं, कास सुजली तवा."

"ते दूध प्यालात?"

"वतून दिलं."

त्यांनी त्याच्या रक्ताच्या, विष्ठेच्या तपासण्या केल्या. सगळ्या चोख. "काका, हा माणूस म्हणजे जंगल आहे," त्या मला म्हणाल्या. ठरल्या सकाळी तो डबी देऊन आला आणि बाहेरच्या बाकावर बसला. मला आत नेलं. पुढचं मला आठवत नाही, भूल दिली होती. कट्ट्यावर मी सांगतो, की जाग आल्याबरोबर मी भाकरी आणि ठेचा मागितला आणि मेहुण्याच्या बोलीत "हाय की" असं बोललो. त्यावर अजूनही हमखास हशा येतो.

खरं असं, की जाग आली तेव्हा तो खाटेशी बसला होता. झगा त्याला कुणी तरी चढवला होता, पण हातमोजे त्याने घातले नव्हते. त्याच्या बोटांना कुठलाच मापाचा बसेना, असं नर्स पुढे म्हणाली. त्याने माझ्या पोटावर हात ठेवला होता. रोप लावल्यावर मुळाशी माती दाबतात, तसा. मी जागा झालो ते कळल्यावर त्याने हात काढला आणि बेसिनपाशी जाऊन साबणाने धुतला, सांगितल्याप्रमाणे.

तीन-चार दिवसांत पोट शांत झालं. इतकं शांत, की मलाच भीती वाटायची. तो दर एक-दोन दिवसांनी खराडीला येऊ लागला. मोटरसायकल खाली लावायचा, अकरा मजले जिन्याने चढायचा, लिफ्टवर त्याचा विश्वास नव्हता. ताकाची कॅन टेबलावर ठेवायचा. "कसं हाय?" विचारायचा. मी सांगायला लागायचो ते अर्धा तास. तो हूं म्हणायचा. बागेतली ती सभा मी त्याला रंगवून सांगितली, तेव्हा त्याच्या मिशा हलल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलं. मी त्याच्या येण्याच्या दिवशी दाढी करायला लागलो. सोफ्यावरची वर्तमानपत्रं आवरायला लागलो. एकदा त्याने माझ्या बायकोच्या फोटोपुढे उभं राहून काचेवरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली. फ्रिजशी मी बोलेनासा झालो.

मग डॉक्टरीणबाईंकडे शेवटची तपासणी झाली. तोही बरोबर आला होता. "आता गवत नाही," त्या म्हणाल्या. "परत यायची गरज नाही. आणि काका, यापुढे डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय अँटिबायोटिक घ्यायची नाही. कुणी कितीही प्रेमाने दिली तरी." मी शपथ घेतली. बाहेर आल्यावर मी एवढा खुशीत होतो, की त्याला जबरदस्तीने कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेलं, चहा पाजला, खराडीपर्यंत त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून आलो आणि वाटभर त्याच्या कानात ओरडत राहिलो. गेटपाशी उतरलो. त्याने गाडी बंद केली नाही.

"मग आता बुधवारी ये," मी म्हणालो. "ताक नको आणूस, उगाच ओझं. तू नुसता ये. जेवायलाच ये. मी पिठलं करतो. माझं पिठलं खायला एकदा गव्हर्नर येणार होता, वाटेत ट्रॅफिक लागला म्हणून राहिलं. बुधवारी नाही तर रविवारी. की मीच येऊ मांजरीला? तसं काही काम नसतं मला. तूच ये. दर आठवड्याला येत जा."

त्याने ॲक्सिलरेटर जरा पिळला, पुन्हा सोडला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"कशाला?" तो म्हणाला. "बरं झालाय न्हवं आता तुमी."